दोन दिव्यांग मुले, आईचे हात दोनच

घरात एक दिव्यांग मूल असले की शेजारीपाजारी विचारपूस करतात. कोणी दवाखाना सुचवते, कोणी मुलाला घटकाभर मांडीवर घेते. त्याच घरात दुसरे मूलही दिव्यांग निघाले की लोकांचे येणे-जाणे कमी होते. काहींना काय बोलावे ते सुचत नाही, काही जण मागे कुजबुजतात. सरकारी रुग्णालयात नर्स म्हणून काम केल्यावर आता मी वस्त्यांमध्ये फिरते, तेव्हा अशी घरे भेटतात. आरोग्याच्या पानावर एकेका आजाराबद्दल पुष्कळ लिहिले जाते. एकाच वेळी अशी दोन मुले वाढवणाऱ्या घराबद्दल फारसे कोणी लिहीत नाही. म्हणून हा लेख.

दोन दिव्यांग मुले म्हणजे फक्त दुप्पट काम असे नाही. एकाला शांतता लागते आणि दुसरे रात्रभर रडते. एकाला फिजिओथेरपीला न्यायचे तर दुसऱ्याला कुठे ठेवायचे? एकाला फिट आली तेव्हाच दुसरे उघड्या दारातून रस्त्यावर गेलेले असते. अशा घरांना मी तीन गोष्टी सांगते. प्रत्येक मुलाची तपासणी वेगळी करा. प्रत्येक मुलाची फाईल वेगळी ठेवा. आणि आईशिवाय आणखी किमान एका माणसाला दोन्ही मुले सांभाळायला शिकवा.

दोष कोणाचा?

दुसरे मूलही तसेच निघाले की पहिला बोट आईकडे जाते. 'हिच्या पोटालाच काही आहे', 'ग्रहणात बाहेर गेली होती', 'मागच्या जन्मीचे पाप आहे'. बाबासाहेबांनी आपल्याला ज्या वाटेवर आणले त्या वाटेवर मागच्या जन्मीच्या पापाला जागा नाही. तरीही हे बोलणे आपल्याच घरांत ऐकू येते. त्यामुळे शास्त्र काय सांगते ते नीट समजून घेऊ.

काही आजार आनुवंशिक असतात. आई आणि वडील दोघेही दिसायला निरोगी असतात, पण दोघांकडेही एकाच आजाराचा एकेक सदोष जनुक असतो. अशा जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक, म्हणजे २५ टक्के असते. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन निरोगी निघतील असा याचा अर्थ नाही. दर वेळी शक्यता तेवढीच असते. विदर्भातल्या आपल्या अनेक कुटुंबांना माहीत असलेला सिकलसेल असाच येतो. जन्मतः बहिरेपणाचे काही प्रकार आणि मेंदूच्या वाढीचे काही आजारही असेच येतात. यात आईचा जनुक जेवढा, तेवढाच बापाचा. एकट्या आईला बोल लावणे शास्त्रालाही धरून नाही आणि न्यायालाही.

मामाच्या मुलीशी किंवा आत्याच्या मुलाशी लग्न करण्याची चाल आपल्याकडे अजून आहे. रक्ताच्या नात्यात दोघांकडे एकच सदोष जनुक असण्याची शक्यता वाढते. ज्या घरात आधीच असे मूल आहे, त्या घराने पुढच्या पिढीची सोयरीक नात्यात जुळवू नये.

पण दोन्ही मुलांचे कारण एकच असते असेही नाही. मोठे मूल जन्मताच रडले नाही, त्याच्या मेंदूला प्राणवायू कमी पडला आणि त्याला सेरेब्रल पाल्सी झाली. धाकट्याला स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम आहे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नसू शकतो. वेळेआधी जन्मणे, जन्मानंतरची तीव्र कावीळ, मेंदूज्वर ही कारणे वेगवेगळी असतात आणि त्यातली काही टाळता येतात. डाऊन सिंड्रोम बहुतेक वेळा आनुवंशिक नसतो. याउलट, एका मुलाला स्वमग्नता असेल तर त्याच्या भावंडाला ती असण्याची शक्यता इतर मुलांपेक्षा जास्त असते. म्हणून पुढच्या गरोदरपणाचा विचार करण्याआधी मोठ्या सरकारी रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजमध्ये जाऊन आनुवंशिक सल्ला मागावा. जाताना दोन्ही मुलांचे सगळे केसपेपर सोबत न्यावेत.

दुसऱ्याचे निदान पहिल्यावरून करू नका

अशा घरांत धाकट्या मुलाच्या बाबतीत दोन प्रकारची गफलत होते. पहिला प्रकार म्हणजे, 'ताईचे बघून बघून हा तसे करतो, सुधारेल'. दुसरा प्रकार त्याच्या उलट, 'एक तसे आहेच, हेही तसेच, आता तपासून काय करायचे?' दोन्हीमुळे वर्षे वाया जातात. मेंदूची वाढ पहिल्या काही वर्षांत सर्वांत वेगाने होते, आणि थेरपीचा उपयोगही तेव्हाच सर्वांत जास्त होतो.

काही दोष तर वेळीच कळले तर मोठे नुकसान टळते. ऐकू न येणारे मूल बोलत नाही, हाक मारली तर वळून बघत नाही. घरात आधी एक बौद्धिक दिव्यांग मूल असेल तर यालाही तोच शिक्का बसतो. त्याच्या कानाची तपासणी होतच नाही. श्रवणयंत्र वेळेवर मिळाले असते तर ते शाळेत गेले असते. तसेच थायरॉईडचे. जन्मतः थायरॉईड कमी असलेले बाळ पहिल्या काही आठवड्यांत ओळखले गेले आणि रोजची गोळी सुरू झाली, तर त्याची बुद्धी वाचते. ही गोळी महागडी नसते.

म्हणून पाठच्या बाळावर पहिल्या दिवसापासून लक्ष ठेवा. चार महिन्यांनीही बाळ मान धरत नाही, नऊ महिन्यांनीही आधाराशिवाय बसत नाही, वर्षाचे झाले तरी नावाने हाक मारल्यावर बघत नाही, दीड वर्षाचे झाले तरी चालत नाही किंवा एकही शब्द बोलत नाही, दोन वर्षांनीही दोन शब्द जोडत नाही, यातले काहीही दिसले तर थांबू नका. आधी येत असलेली गोष्ट मूल विसरू लागले तर कोणत्याही वयात लगेच डॉक्टरांना दाखवा.

दाखवायचे कुठे? २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू आहे. त्याचे वैद्यकीय पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येते. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि पुढचे उपचार त्यातून मोफत होतात. पथक कधी येणार ते अंगणवाडीताईंना विचारून ठेवा. जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये डीईआयसी नावाचे केंद्र असते. बालरोगतज्ज्ञ, फिजिओ, कान तपासणारे आणि वाचा उपचार करणारे एकाच जागी मिळावेत यासाठी ते आहे. दोन्ही मुलांची तारीख एकाच दिवशी मागा. नियमात बसत नाही असे कोणी म्हटले तरी दोन मुलांना घेऊन दोन बस बदलाव्या लागतात हे शांतपणे सांगा. विचारल्यावर बहुतेक वेळा सोय होते.

दिवस बसवायचा कसा

पुण्याच्या एका वस्तीतले घर. मुलगी नऊ वर्षांची, सेरेब्रल पाल्सी, चालता येत नाही, पण सगळे समजते. मुलगा पाच वर्षांचा, स्वमग्न, दिवसभर धावतो, आवाज सहन होत नाही. बाप नाक्यावर कामाला जातो, आई तीन घरची धुणीभांडी करते. पाणी पहाटे पाचला येते. फिजिओने मुलीसाठी दिवसातून एक तास व्यायाम लिहून दिला होता आणि वाचा उपचारवाल्या ताईंनी मुलासाठी एक तास खेळ. कागदावर हे बरोबर होते. त्या घरात तो तास कुठून काढायचा?

उपाय असा निघाला की व्यायाम वेगळा करायचाच नाही, रोजच्या कामात घालायचा. अंघोळीच्या वेळी कोमट पाण्यात मुलीचे हात-पाय सावकाश ताणायचे. तिचे पाय कात्रीसारखे आवळतात, म्हणून कडेवर घेताना ते फाकवून घ्यायचे. भाजी निवडताना तिला कोपऱ्यात उशांचा आधार देऊन बसवायचे आणि शेंगा तिच्या हातात द्यायच्या. मुलाला ताटे मांडायला लावायची आणि प्रत्येक ताटाला नाव घ्यायचे, 'हे बाबाचे, हे ताईचे'. पाण्याच्या बाटल्या भरणे त्याला आवडते, ते रोज त्याच वेळी, त्याच्याकडूनच. स्वमग्न मुलाला ठरलेला क्रम शांत ठेवतो. त्याच्यासाठी भिंतीवर उठणे, अंघोळ, जेवण, अंगणवाडी अशी चार चित्रे काढून लावली.

प्रत्येक मुलासाठी महिन्याला एकच लक्ष्य ठेवा. या महिन्यात मुलगी चमचा धरेल. या महिन्यात मुलगा पाणी हवे असेल तेव्हा रडण्याऐवजी पेल्याकडे बोट दाखवेल. एकदम दहा गोष्टी धरल्या तर एकही होत नाही आणि आईला वाटते की आपणच कमी पडलो. दोन मुलांची तुलनाही करू नका. एकाची प्रगती दुसऱ्याचे माप होऊ शकत नाही.

जिवाशी गाठ असलेल्या चार गोष्टी घरातल्या प्रत्येकाला पाठ हव्यात.

- सेरेब्रल पाल्सीच्या मुलाला आडवे झोपवून भरवू नका. पाठ सरळ, हनुवटी किंचित खाली, लहान घास, आधीचा गिळल्यावरच पुढचा. दर घासाला ठसका लागत असेल किंवा जेवताना घशात घरघर होत असेल तर डॉक्टरांना सांगा. अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो.
- फिट आली तर मुलाला कुशीवर वळवा आणि आजूबाजूच्या टणक वस्तू दूर करा. तोंडात चमचा घालू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, पाणी पाजू नका. घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन करा.
- फिटची गोळी मनाने बंद करू नका. दोन्ही मुलांना फिट येत असल्या तरी एकाची गोळी संपली म्हणून दुसऱ्याची देऊ नका. औषध आणि डोस मुलाचा आजार आणि वजन बघून ठरतात. दोघांच्या औषधांचे डबे वेगळे ठेवा. एकाला लाल दोरा, दुसऱ्याला निळा, म्हणजे वाचता न येणाऱ्या आजीलाही ओळखता येतील.
- पळून जाणाऱ्या मुलाच्या कपड्याला आतून बापाचा फोन नंबर शिवून ठेवा. दाराला त्याचा हात पोचणार नाही अशा उंचीवर कडी लावा.

पाण्याला जाताना मुलाच्या पायाला दोरी बांधणारी आई काही घरांत दिसते. तिला नावे ठेवण्याआधी हे बघा की ती पाणी भरेपर्यंत मुलाला धरायला दुसरे कोण होते. दोरी धोक्याचीच आहे. गळ्याभोवती अडकू शकते, आग लागली तर मूल सुटू शकत नाही. पण ती सोडायची तर त्या वीस मिनिटांसाठी कोणीतरी माणूस लागतो.

आईची पाठ, आईची झोप

नऊ वर्षांच्या मुलीला दिवसातून दहा वेळा उचलणाऱ्या बाईची कंबर किती वर्षे टिकेल? उचलताना कमरेत वाकू नये. गुडघे वाकवून खाली बसावे, मुलाला छातीशी घट्ट धरावे आणि मग उठावे. मूल मोठे झाले की दोघांनी मिळून उचलावे. घरात एका आठवड्यात एक रात्र तरी अशी ठरवा की मुलांकडे बाप किंवा आजी बघेल आणि आई झोपेल. सतत रडू येणे, जेवण न जाणे, जगू नये असे वाटणे, मुलांसकट संपवून टाकावे असे मनात येणे, हे आजाराचे लक्षण आहे आणि त्यावर उपचार आहेत. असे वाटू लागले तर त्याच दिवशी कोणाला तरी सांगा आणि सिव्हिलच्या मानसोपचार विभागात जा. टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो.

बापांनाही दोन शब्द. 'मी कमावतो, ती सांभाळते' ही वाटणी एका निरोगी मुलाच्या घरातही अपुरी आहे. इथे तर ती आईला मोडून टाकते. घरी आल्यावरचा एक तास एका मुलाला द्या. भरवायला शिका, फिटमध्ये काय करायचे ते शिका, महिन्यातून एकदा दवाखान्यात स्वतः जा. डॉक्टर काय म्हणाले ते बायकोच्या तोंडून ऐकणे आणि समोर बसून ऐकणे यात फरक असतो.

१९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणाच्या रजेचे विधेयक आले, तेव्हा बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. आईला विसावा मिळण्यात देशाचेच हित आहे, आणि म्हणून त्याचा भार सरकारनेही उचलला पाहिजे, अशी त्यांची मांडणी होती. मूल वाढवणे हे एकट्या बाईच्या अंगावर टाकायचे काम नाही हे त्यांनी तेव्हा सांगितले. दोन दिव्यांग मुलांच्या आईला ते किती लागू पडते, हे वेगळे सांगायला नको.

तिसरे मूल

अशा घरात कधी कधी एक निरोगी मूलही असते, आणि बहुधा ते मुलगी असते. दहा-अकरा वर्षांची होताच ती दुसरी आई बनते. भावाला भरवते, बहिणीचे कपडे बदलते, परीक्षेच्या दिवशीही घरी राहते. ती तक्रार करत नाही म्हणून तिला काही वाटत नाही असे समजू नका. तिला आजाराची खरी माहिती तिच्या वयाला समजेल अशी द्या. हा आजार स्पर्शाने होत नाही आणि तिच्यामुळे झालेला नाही हे स्पष्ट सांगा. तिची शाळा कोणत्याही कारणाने बंद करू नका. आठवड्यातला थोडा वेळ फक्त तिच्याशी बोलण्यासाठी ठेवा. आणि 'आमच्या माघारी तूच बघायचे' हे ओझे तिला न विचारता तिच्यावर टाकू नका.

दोन फायली

दोन्ही मुलांचे कागद एकाच पिशवीत कोंबलेले असतात आणि खिडकीवर हवा तो कागद सापडत नाही. दोन वेगळ्या रंगांच्या फायली करा. प्रत्येकीत आधार कार्ड, जन्मदाखला, रेशनकार्ड आणि उत्पन्नाच्या दाखल्याची झेरॉक्स, फोटो आणि तारखेप्रमाणे लावलेले केसपेपर ठेवा.

सर्वांत आधी प्रत्येकाचे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढा. अर्ज ऑनलाइन होतो, तपासणी सरकारी रुग्णालयात होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचे दिव्यांगत्व मान्य आहे. स्वमग्नता, सिकलसेल आणि थॅलेसेमियाही त्यात आहेत. बहुतेक लाभांसाठी ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व लागते. लहान मुलांचे प्रमाणपत्र अनेकदा ठरावीक मुदतीचे असते. मुदत संपण्याची तारीख फाईलवर मोठ्या अक्षरांत लिहा.

याच कायद्याने अशा मुलांना ६ ते १८ वर्षे मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे, मग ते जवळच्या शाळेत असो वा विशेष शाळेत. मूल दिव्यांग आहे म्हणून मान्यताप्राप्त शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. नाही म्हणाले तर नकार लेखी मागा. जे मूल शाळेत जाऊच शकत नाही, त्याला समग्र शिक्षा अभियानातून घरी येऊन शिकवण्याची तरतूद आहे. विशेष शिक्षक कोण आहेत ते शाळेच्या मुख्याध्यापकांना विचारा.

सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व किंवा बहुविकलांगता असेल तर राष्ट्रीय न्यासाची निरामय विमा योजना आहे. वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा खर्च मिळतो, त्यात थेरपीही येते. ती प्रत्येक मुलाच्या नावाने वेगळी घ्यावी लागते. तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार अनुदान योजनेची चौकशी करताना दोन्ही मुलांच्या नावाने करा. ग्रामपंचायत, नगरपालिका आणि महानगरपालिकेने आपल्या उत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. या निधीतून आपल्या वॉर्डात काय झाले, हे नगरसेवकांना विचारणे हा आपला अधिकार आहे.

मूल १८ वर्षांचे झाले की आई-बाप आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत. वर सांगितलेल्या चार प्रकारांत, १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो. हाही प्रत्येकाचा वेगळा.

वस्तीने काय करायचे

ज्यांच्या घरी असे मूल नाही, त्यांच्यासाठी हा शेवटचा भाग आहे. अशा घराला दयेपेक्षा माणसांची जास्त गरज असते. पाण्याच्या वेळी वीस मिनिटे, दवाखान्याच्या दिवशी अर्धा दिवस, लग्नकार्यात आई जेवेपर्यंत कोणीतरी मुलाजवळ. एवढे चार घरांनी वाटून घेतले तर त्या आईचा महिना बदलतो.

प्रत्येक वस्तीत महिला मंडळ असते. रविवारी वंदनेनंतर विहारातच तासभर बसून दोन-तीन बायकांनी त्या आईकडून शिकून घ्यावे. मुलीला कसे उचलायचे, कसे भरवायचे, मुलगा चिडला की त्याला काय लागते, फिट आली तर काय करायचे. शिकलेल्यांची नावे आणि फोन नंबर त्या घराच्या दारामागे लावावेत. कार्यक्रमात लाऊडस्पीकर थोडा हळू ठेवावा म्हणजे स्वमग्न मूलही बसू शकेल. विहाराला पायऱ्या असतील तर एका बाजूने उतार करून घ्यावा. आणि त्या घरी आधी जायचो तसे पुन्हा जावे. काय बोलावे सुचले नाही तर मुलांची नावे विचारावीत, आणि पुढच्या वेळी नावाने हाक मारावी.